रुमालाखालचा भाव

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. आमच्या घरात म्हशींचा धंदा. दूध न देणारी भाकड म्हैस स्वस्तात आणायची, तिला खाऊपिऊ घालून गाभण राहू द्यायची आणि व्यायला आली की घोडेगावच्या बाजारात विकायची. वैरण, पाणी, आजारपण सगळं आत्यांकडे. विकणं तेवढं मामांकडे. बाजारातून परत आल्यावर कितीला विकली हे मामांनी आत्यांना कधी सांगितलं नाही आणि आत्यांनीही कधी विचारलं नाही. मी केडगावची, आमच्या घरी कोथिंबिरीच्या जुडीचा भावसुद्धा सगळ्यांना ठाऊक असायचा. लग्नानंतर हा प्रकार कळला तेव्हा राग आला होता मला, आणि तो मी लपवलाही नव्हता.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बाजारात नेमका तोच लागतो, कारण तिथे भाव तोंडाने बोलायची रीत नाही. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता लागत नाही.

मामांच्या जागी माझा नवरा गेला. तो शाळेत भूगोल शिकवतो. एका व्यापाऱ्याने रुमाल टाकून त्याची बोटं दाबली. याला वाटलं, माणूस प्रेमाने रामराम करतोय. याने हसून मान हलवली आणि सौदा झाला. एवढी चांगली म्हैस जवळजवळ फुकट गेली, हे त्याला पैसे हातात पडल्यावर कळलं. अजूनही कुणी त्याच्याशी हस्तांदोलन केलं की मी त्याला विचारते, आता काय विकलंत?

मामांनी मात्र अंथरुणातूनच निकाल दिला: सगळ्या म्हशी काढून टाकायच्या, गोठा बंद. आत्या कधी नव्हे ते त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. एक बाजार मला करू द्या, म्हणाल्या.

"परक्या गड्याच्या हातात हात देनार हाय का तू?" मामांनी विचारलं.

"न्हाई देनार," आत्या म्हणाल्या. "तरी इकून दावते."

शेवटी असं ठरलं की दावणीतली सगळ्यात चांगली म्हैस आत्यांनी नीट भावाला विकली तर गोठा राहील, नाहीतर सगळं मोडायचं.

मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. व्यापारी आले, म्हशीचे दात बघितले, कास चाचपली आणि रुमाल काढून आमच्यातला पुरुष शोधायला लागले. आत्या त्यांना सांगायच्या की रुमाल खांद्यावरच राहू द्या, काय द्यायचं ते तोंडाने बोला. ते हसायचे. घरचा माणूस आणा मावशी, असं सांगून पुढे जायचे. ऊन चढलं, आजूबाजूच्या म्हशी टेम्पोत चढल्या, आमची तशीच उभी. एकाशी मी भांडायलाच निघाले होते, तर आत्यांनी माझ्या हातात बादली दिली आणि म्हशीला पाणी पाजायला सांगितलं. स्वतः त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हैस परत गेली असती तर त्यांचं सगळं आयुष्य दावणीवरून सुटलं असतं.

मग आत्यांनी पदर खोचला आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली. हिचं वेत, म्हणजे बाळंतपण, कितवं, आधीच्या मालकाकडे मागच्या वेताला दूध किती, आजार काय झाला, सगळं. "कासंला हात लावला की डावा पाय उचलती," असंही सांगितलं. बाजारात आपल्या जनावराची खोड आपल्याच तोंडाने कोण सांगतं? लोक थांबले. गर्दीतला एक जण अवघडून "ऐंशी" म्हणाला. रुमालाखाली तो आकडा तिथेच राहिला असता, पण आता तो सगळ्यांनी ऐकला होता. मागून दुसऱ्याने पंच्याऐंशी म्हटलं. पहिल्याला ते लागलं. चार लोकांत माघार कोण घेणार? म्हैस शहाण्णव हजाराला गेली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

घरी मामा भिंतीला टेकून बसले होते. कितीला, असं त्यांनी हळूच विचारलं. आत्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"हळू. शेजारी ऐकत्यात."

"ऐकू द्या. बाजारानं ऐकलंय."

मामा म्हणाले, गोठा राहू दे. मला वाटलं, झालं, आता चहा टाकावा. पण आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांचा तो निकामी हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"आपली पयली म्हैस कितीला गेल्ती?"

मामांनी आकडा सांगितला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आत्यांनी मनाशी काहीतरी जुळवून बघितलं आणि त्यांना हसू फुटलं.

"लई कमी आलं वो," त्या म्हणाल्या. "मला इचारायचं तरी."