मास्तरांचं ‘उत्तम’

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक रेडिओ स्टेशन चालतं, आणि ते चालवणाऱ्या माणसाला सगळं गाव ‘स्टेशनमास्तर’ म्हणतं. ही गंमत पहिल्यांदा कुणी केली ते आता कुणालाच आठवत नाही. मास्तर मात्र दर वेळी ती नव्यानं ऐकल्यासारखे हसतात. खरं सांगायचं तर समोरचा हसतो म्हणून ते हसतात. मास्तरांना ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असंही नाही. भांडं पडलं, दार आपटलं, तर येतं. पण माणसाचं साधं बोलणं गेली कित्येक वर्षं त्यांच्यापर्यंत येता येता विरून जातं. न्हाव्याचा हात थरथरतो असं कळलं तर दाढीला कोण बसेल? म्हणून मास्तरांनी ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नाही. आवाज तपासायला मीटरचा काटा होताच. काटा हलतोय म्हणजे कार्यक्रम चाललाय, लाल पट्टीत घुसला तर बटण थोडं मागं घ्यायचं. माणसांसाठी मात्र काटा नसतो, तिथं चेहरा बघावा लागतो. चेहरा गंभीर असेल तर ‘बघू या’. तक्रारीचा असेल तर ‘बरोबर आहे तुमचं’. आणि हसरा असेल तर ‘उत्तम!’ एवढ्या सामानावर मास्तरांनी संसार केला, स्टेशनही चालवलं. धडधाकट कानांची पुष्कळ माणसं याहून कमी सामानावर आयुष्य काढतात, तेव्हा मास्तरांना हसण्यात अर्थ नाही.

स्टेशनचा आवाज म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, ताई. नवरा गेल्यावर ती चार दिवस राहायला म्हणून भावाकडे आली, एक निवेदिका रजेवर गेली म्हणून माइकपुढं बसली, ती बसलीच. कुठल्या भागात पाणी येणार नाही, कुणाचं कुत्रं हरवलंय, कुठल्या शाळेला सुट्टी आहे, हे सगळं ती शेजारणीला सांगावं तसं सांगते. मध्येच खोकला आला तर ‘थांबा हं’ म्हणते, आणि गाव थांबतं.

हल्ली मात्र जाहिराती फोनवर गेल्या, मशीन जुनं झालं, मास्तरांचे गुडघे जिन्याला कंटाळले. मुलगा परगावाहून मेसेज करायचा, “बाबा, आता पुरे करा.” शेवटी मास्तरांनी स्टेशन विकायला काढलं. मनाशी एकच गोष्ट पक्की होती. पाटी कुणाच्याही नावाची लागू दे, ताईचा माइक ताईकडेच राहिला पाहिजे. तो काढून घेतला तर ती दिवसभर करणार काय? या वयात तिला घरी बसवणं म्हणजे तिचं तोंड बांधणं, असं त्यांना वाटायचं आणि ते काही खोटं नव्हतं.

एका बड्या कंपनीचा माणूस बघायला आला. गोरागोमटा, नम्र, आणि इतकं हळू बोलणारा की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये. चहा झाला. ताई कप उचलत होती. पाहुणा तोंडभर हसून म्हणाला, “कार्यक्रम सगळे आमच्या मुख्य ऑफिसातून येतील. इथली माणसं लागणार नाहीत. ताईंनाही आता विश्रांती मिळेल. चालेल ना?”

मास्तरांना त्यातलं ‘ताईंना’ एवढंच कळलं आणि ते हसू दिसलं. ताईचं काहीतरी कौतुक चाललंय, असं समजून त्यांनी पाहुण्याचा हात हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “उत्तम!”

ताई कप तसेच टाकून आत गेली.

त्या दिवसापासून मास्तरांना तिचा आवाज येईनासा झाला. आजवर निदान तिची हाक यायची, ओरडणं यायचं. आता जेवताना समोर पाठमोरी ताई आणि नुसती शांतता. मास्तरांना वाटलं, उरलेले कानही गेले! कुणाला न सांगता ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि तोंड जवळ नेऊन ओरडले, “कान होते तसेच आहेत! घरात कुणी बोलत नाहीये का तुमच्याशी?”

म्हणजे बिचारी ताई अबोला धरून बसली होती आणि भाऊ औषध शोधत फिरत होता.

मास्तर तडक स्टेशनवर आले. ताईचा कार्यक्रम संपून गाणी लागली होती. गावाला ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या माइकची तार प्रक्षेपणातून काढून त्यांनी नुसती हेडफोनला जोडली, आवाज पार वर नेला आणि हेडफोन चढवून समोर बसले.

“ताई, काय झालं?”

 ती माइककडे वाकली. “तूच म्हणालास ना, उत्तम?”

“कशाला म्हणालो?”

तिनं सांगितलं. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला.

“मला ऐकूच आलं नव्हतं गं.”

“तुला जरा कमी येतं हे ठाऊक होतं मला. पण नको ते तुला बरोब्बर ऐकू येतं, असंच समजत होते मी आजवर. मग विचारायचं नाही का, रे?”

“लाज वाटते.”

“आणि माझं काय झालं असतं, त्याची नाही वाटत?”

  गेली कित्येक वर्षं आपण आणखी कशाकशाला ‘उत्तम’ म्हणून बसलो असू, या विचारानं मास्तरांना घाम फुटला.

कागद घेऊन कंपनीचा माणूस आला तेव्हा मास्तरांनी त्याला हेडफोनला जोडलेल्या त्याच माइकपुढं बसवलं आणि स्वतः हेडफोन चढवले.

“परत एकदा सांगा सगळं.”

पाहुण्याला मौज वाटली. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, तितक्याच गोड आवाजात. मास्तरांनी शब्द न् शब्द ऐकला.

“हे जमायचं नाही. ताई इथं बसणार असेल तर बोला.”

“पण त्या दिवशी तर तुम्ही उत्तम म्हणालात!”

काचेपलीकडे ताई हाताची घडी घालून उभी होती. अजूनही वेळ मारून नेता आली असती. विचार बदलला, मुलगा नको म्हणतो, काहीही चाललं असतं.

“त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “मी बहिरा आहे. रेडिओ चालवतो, आणि बहिरा आहे.”

पाहुणा गडबडला. कागद गोळा करत म्हणाला, “यापुढं इतकी किंमतही कुणी देणार नाही, मास्तर. बघा.”

ते खरंही असेल. मास्तरांनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं आणि हेडफोन गळ्यात तसेच ठेवून दारात उभे राहिले. ताई मागून आली आणि हळूच काहीतरी म्हणाली. मास्तरांची मान सवयीनं हलू लागली होती. ती त्यांनी थांबवली.

“ऐकू नाही आलं, ताई. परत सांग.”

ताई पुढं आली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, “आता पुढं काय, रे?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले.