जपानी कुंभार आणि आमचा आवा

माझं आणि बायकोचं सोबतीचं शेवटचं काम म्हणजे मडकी भाजायचा आवा रचणं. ती बाहेरून मडकी हातात देत होती, मी आव्याच्या भिंतीआत उभा राहून गोवऱ्यांवर मांडत होतो. सकाळची वेळ, आणि तोंडानं आमचं भांडण चालू. भांडण कशाचं, तर जपानातल्या एका कुंभाराचं.

तो माणूस मी पाहिला नव्हता, तिनंही नाही. तेव्हा आमच्या वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले आणि खामगावच्या बाजारात जपानी चिनीमाती ढिगानं येई. तिथं एका चाचाच्या दुकानात कपबशांच्या मधोमध एक पांढरी वस्तू मांडलेली. एकमेकांच्या अंगावर रेललेले तीन फुगे. तोंड नाही, कान नाही, पाणी भरायला जागा नाही.

"भट्टीत बसून बिघडलेला माल हाये," मी म्हणालो. "फेकाचा तो इकडे धाडला."

"मुद्दाम केलं त्यानं," ती म्हणाली.

"कायले?"

"मले का माईत? त्याच्या बायकोले इचारा."

चाचाला विचारलं, तर तो म्हणे, "जपान का है, हाथ मत लगाओ." यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तो जपानी आमच्या घरीच राहायला आला. भाकर करपली की मी म्हणे, "जपान्यासाठी केली काय वं?" चाकावर माझं मडकं कलंडलं की ती म्हणे, "राहू द्या, त्याले आवडते." पोटी लेकरू नव्हतं. भांडायला हा एक होता.

मग तिनंच तसलं एक केलं. आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही, म्हणून नुसतं थापून थापून केलं. मोठ्या रांजणाएवढं. तीन पोटं, तोंड नाही.

"हवा कोंडून फुटन हे. सारा आवा घेऊन बसन," मी म्हणालो.

"बुडाले सुईनं भोक पाडलं हाये. कुंभाराची लेक हावो मी."

दोघांनी मिळून ते उचललं, आव्याच्या मधोमध ठेवलं. मी म्हणालो, "भंगार." आवा पेटवला. दुपारी म्हणाली, छातीत दाबून राह्यलं, जराशी टेकते. टेकली ते टेकलीच.

माणसं जमली. तिचा भाऊ, माझा साळा, म्हणाला, "भाऊजी, मडकं काढा." गावातल्या हरेक मयतीला मडकं मी दिलं. आणि त्या दिवशी घरात एक कोरं मडकं नव्हतं. सगळी आगीत.

"आवा उघडा."

"गार वारा लागला का तिचं ते तडकते."

"ते म्हंजे कोणतं?"

त्याला नाव काय सांगू? मी म्हणालो, "जपानी." लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा म्हणाला, "डोस्कं फिरलं याचं."

पण आवा मी उघडू दिला नाही. वाळत ठेवलेलं कच्चं मडकं घेतलं, पाणी भरलं. सरणाच्या पहिल्या फेऱ्याला ते पाझरलं. दुसऱ्याला बूड लोंबलं. तिसऱ्याला माझ्या खांद्यावर निव्वळ चिखल. पाठीमागं फेकलं तर फुटलं नाही, थप्पकन जमिनीवर बसलं. कोणीतरी फिसकन हसलं. मला राग आला नाही. कुंभाराच्या बायकोला कच्चं मडकं, हसण्यासारखंच होतं.

साळा मात्र चिडला. "फुटल्याबिगर कसं जमन? उद्या पक्कं फोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवा निवला होता. साळा मडक्यासाठी येऊन उभाच. सुतकात कामाला हात लावू नये म्हणतात. मी राख ओढली. मडकी लाल, खणखणीत. एक त्याच्या हातात दिलं. "घे, फोड तुले फोडाचं तं."

मधोमध तिची ती वस्तू बसलेली. एका अंगानं काळवंडलेली, पण शाबूत. कुठं चीर नाही. दोघांनी ठेवलेली, मला एकट्याला भिंतीवरून बाहेर उचलवेना.

"हात लाव बे."

"मले भेव वाटते त्याचं," म्हणत तो मागं सरकला.

मग मी कुदळ आणली आणि बापानं बांधलेली आव्याची भिंत पाडायला लागलो.