अक्काच्या खुंटीवरची दोरी

टॉवेलाच्या काठाला मारलेल्या गाठी दिसल्या, की भवानी पेठेतली ती अक्का अजून डोळ्यांपुढे येते. मी तेव्हा फौजदार होते बरं का, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली.

अक्का आणि गल्लीतल्या अकरा बायका घरी बसून टॉवेलाला गाठी मारायच्या. ठेकेदार सगळ्यांची मजुरी एकट्या अक्काच्या खात्यावर टाकायचा. दर शनिवारी ती रोख काढून ओट्यावर वाटायची, वर चहा पाजायची. वही नाही, पावती नाही. मग काय, आली आयकराची नोटीस! एवढं उत्पन्न, कर कुठंय? अक्का म्हणाली, पैसे वाटले. बायका म्हणाल्या, आम्हाला मिळालेच नाहीत. ठेकेदारानं आपलं अंग काढून घेत ठाण्यात अर्ज दिला, हिनं मजुरी खाल्ली.

अर्जाची चौकशी माझ्याकडे आली. अक्का बाकावर बसून एकच म्हणत होती, "मॅडम, घर विकून कर भरीन. पन चोर म्हनून त्या गल्लीत कशी राहू?"

कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला सांगितलं, "अक्काच्या खुंटीवरची दोरी बघा की."

गेले. दोरीला सुताचे अकरा धागे लोंबत होते, प्रत्येकावर गाठीच गाठी. अक्काला लिहिता येत नव्हतं. पैसे घेतले, की प्रत्येकीनं आपल्या धाग्याला आपल्या हातानं गाठ मारायची, अशी त्यांची रीत. हा पुरावा ठरेल, हे अक्काच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ठाण्यात एकेकीला टॉवेल दिला. "मार गं गाठ." प्रत्येकीची वेगळी! कुणाची डाव्या हाताची, कुणाची दुहेरी. तिसरीपुढे दोरी ठेवली, तिच्याच तऱ्हेच्या गाठींवर बोट टेकवलं.

"ही कुणाची?"

तिनं धागा बोटांत धरून पाहिला. "माझीच की."

"मग खोटं का बोललीस?"

"ठेकेदार म्हनला, घेतले म्हनलीस तर तुलाबी नोटीस, रेशनबी बंद. चार लेकरं हायत, मॅडम."

"अगं, बारा वाटण्या केल्यावर कर लागतोय कुणाला?"

ती रडायलाच लागली. संध्याकाळपर्यंत अकरा जबाब झाले. ते आयकर कार्यालयाला गेले, आणि बऱ्याच हेलपाट्यांनी नोटीस मिटली. खोटं बोलणाऱ्याला आधी 'कुणाला भितोस?' असं विचारावं, हे मी तिथं शिकले. उशिराच शिकले म्हणा.

दोरी परत द्यायला मी स्वतः गेले. अक्कानं ती खुंटीला लावली नाही, मांडीवरच ठेवली.

"आता मजुरी समद्यांच्या आपापल्या खात्यावर जमा होतीय, मॅडम. लई बरं झालं," ती म्हणाली. मग रिकाम्या ओट्याकडं बघत राहिली. "शनिवारी चहाला मात्र कुनी येत न्हाय."

मी बसले. म्हटलं, "टाका की, अक्का. आज शनिवारच हाय."