बाहेरची कडी

"मावशी, पुन्हा एकदा म्हणा ना," पलंगावर मांडी घालून बसलेले दिग्दर्शक म्हणाले. लॉजच्या त्या खोलीत उंबऱ्याच्या आत जेमतेम एक पाऊल टाकून, फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून माझी आई उभी होती. ती पुन्हा म्हणाली:

"दाराला भाईरनं कडी का हो, सायेब? माजं पोर काय चोर हाय व्हय?"

दिग्दर्शक हसले. त्यांचा सहायक हसला. पलंगावरची माझी पाने घसरून खाली पडेपर्यंत हसले. मग दिग्दर्शकांनी माझ्याकडे बोट केले. "लिहून घे. जसंच्या तसं. नायकाच्या आईला हेच वाक्य. थिएटर डोक्यावर घेतील लोक."

मी लिहून घेतले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण मी दुसऱ्यांचे खोटे उघडे पाडायला बसलो आहे आणि त्यात स्वतःचे झाकणे मला शोभणार नाही. तो सहायक आता वयोवृद्ध झाला आहे. त्या चित्रपटाला पन्नास वर्षे झाली म्हणून निघालेल्या स्मरणिकेत तो लिहितो: "सोलापूरच्या एका होतकरू गिरणी कामगाराला आम्ही पटकथालेखनाची संधी दिली. त्याने एकांत मागितला, आम्ही खोली दिली. पण बिचारा बुजला आणि एके दिवशी पळून गेला."

मी गिरणीत कधीच नव्हतो. यंत्रमागावर चादरी विणत होतो. एकांत मी मागितला नव्हता. आणि पळालो असे म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

झाले ते असे. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत माझी एकांकिका झाली. विषय होता विडी वळणाऱ्या बायका. माझी आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची आणि मी तिच्या शेजारी बसून लिहायचो. दिग्दर्शक स्पर्धेला परीक्षक होते. त्यांनी माझे नाव विचारले. मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर वस्ती. वस्तीचे नाव ऐकून ते प्रसन्न झाले. "उत्तम! अस्सल माल आहे." माल म्हणजे माझी कथा, असे मी तेव्हा समजलो.

त्यावरून चित्रपटाची पटकथा लिहायला स्टेशनजवळच्या लॉजमध्ये मला खोली मिळाली. पहिल्याच सकाळी सहायकाने जाताना बाहेरून कडी घातली. "घाबरू नकोस. मुंबईत मोठमोठ्या लेखकांना असंच कोंडतात. त्याशिवाय पटकथा होत नाही." कबूल करतो, मी सुखावलो. ती कडी मला मान वाटली. मोरीला जायचे असले तरी दार ठोठावावे लागे, आणि सहायक खाली पत्ते खेळत असे. डाव संपला की वर येई. दाराची आतली कडी काढून टाकलेली होती. तिच्या जागी खिळ्यांची चार भोके होती. त्या भोकांकडे पाहत मी चार दिवस लिहिले आणि मला काही कळले नाही.

माझ्या आईला दारात उभे राहताक्षणी कळले.

चौथ्या दिवशी ती भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. त्याच वेळी दिग्दर्शक पाने पाहायला आले होते. सहायकाने तिच्यासमोर कडी काढली, म्हणून तिने विचारले. तो विनोद नव्हता. एका बाईने दोन माणसांना सरळ प्रश्न विचारला होता. त्यांनी तिला तो तीनदा म्हणायला लावला. तिसऱ्या वेळी ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. तिकडून उत्तर येणार नाही हे तिने ओळखले होते. आणि मी खाली मान घालून लिहीत होतो.

"खाऊन घे," एवढेच म्हणून तिने भाकरी खुर्चीवर ठेवली. ती बाहेर पडली, मागोमाग ते दोघे, आणि तिच्या देखत कडी पुन्हा लागली.

मला ओरडता आले असते. खिडकीखाली रस्ता होता, रिक्षावाले होते. मी ओरडलो नाही. पोराचे नाव पडद्यावर येणार, हे वस्तीत घरोघरी झाले होते. खिडकीला गज होते. पण मला त्या नावाने अडकवले होते.

सहाव्या दिवशी दुपारी वाचन ठरले. चित्रपट विकत घेणारे वितरक आले, पान जमवत बसले. मी वाचू लागलो. आईचा प्रसंग आला. तिचे वाक्य वाचले आणि पुढे मी नव्याने लिहिलेले वाचले: 'कोणीही हसत नाही. ती उत्तराची वाट पाहते.'

"हसू कुठे गेलं?" दिग्दर्शकांनी विचारले.

"नव्हतंच."

"अरे, त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो की!"

"तुम्ही हसलात. तिनं विचारलं होतं."

वितरकांनी चुना लावायचे थांबवले. दिग्दर्शकांनी आवाज मऊ केला. "हे बघ, पटकथा आणि संवाद, दोन्हीला तुझं नाव येईल. शब्द देतो. फक्त आईला जरा बावळट कर."

"आधी तिला उत्तर द्या."

"कुणाला?"

"माझ्या आईला. मी चोर आहे का?"

त्यांनी सहायकाकडे पाहिले, सहायकाने कडीकडे. मी पाने गोळा केली, पायांत चपला घातल्या आणि भर दुपारी, चार माणसांच्या देखत, पुढच्या जिन्याने उतरलो. यालाच तो पळणे म्हणतो.

मात्र आई आली त्या दिवशी लिहून घेतलेला कागद त्यांच्याकडेच राहिला. चित्रपट आला, तो माझ्या नावाशिवाय. नायकाची आई डोळे फिरवत ते वाक्य म्हणाली आणि थिएटर हसले. माझ्या शेजारी आमच्याच वस्तीतला माणूस बसला होता. तोही डोळे पुसत हसत होता. ते वाक्य त्यांनी चोरले असे मी म्हणणार नाही. ते मी माझ्या हाताने लिहून दिले होते. आईने तो चित्रपट कधी पाहिला नाही आणि मला त्याबद्दल एका शब्दाने विचारले नाही. तिचे ते न विचारणे मी अजून भोगतो आहे.

आता सोलापुरात त्या चित्रपटाचा सुवर्णमहोत्सव होणार आहे. सहायक प्रमुख पाहुणा. मलाही बोलावणे आले आहे: 'लेखनाच्या वेळचा एखादा गमतीदार किस्सा सांगावा.'

मी जाणार आहे. माइकसमोर आईचे वाक्य तिने म्हटले तसे म्हणणार आहे. ज्याला हसायचे त्याने हसावे, ज्याला उठून जायचे त्याने जावे. सभागृहाची दारे उघडी असतील, मी कोणाला कोंडत नाही. पण तो म्हातारा सहायक तिच्या प्रश्नाचे उत्तर देईपर्यंत मी मंचावरून उतरणार नाही.