करीममास्तरांचे ओठ

लग्नघरासमोर बँड उभा राहिला, की करीममास्तर आधी भिंतीकडे तोंड करून घोड्यासारखे ओठ फुरफुरवायचे. एकदा नवरदेवाच्या घोड्यानंच त्यांना उत्तर दिलं. मास्तरही हसले, पण फुरफुरणं काही थांबवलं नाही. मग गाल चोळायचे, वाद्यातून काढलेल्या नुसत्या तोटीत हलकेच फुंकायचे आणि त्यानंतरच कॉर्नेटला, त्या आखूड पितळी तुतारीला, हात लावायचे.

“गणू, गाल म्हंजे तालमीतलं आंग हाय की. गार आंगानं कुस्ती धरली तर लचकनारच!”

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी गिरणी सोडून त्यांच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला लागलो होतो. वाजवणं संपलं की आम्ही पंगतीला धावायचो. मास्तर मात्र कोपऱ्यात बसून खालचे सूर अगदी हळू धरायचे, मग कोमट पाण्याचं फडकं ओठांवर. यजमानांचा विडा खिशात. “ओट फुगल्यात, आत्ता चुना नक्को,” म्हणायचे. मला ते सगळं फाजील सोवळं वाटे.

गावातल्या बाळीवेशीत एका मोठ्या घरचं लग्न होतं. पहिल्या दिवशी भर उन्हात वाजवून मी लगेच दोन विडे चघळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ चिरलेला, सुजलेला. “ओट कसाय?” मास्तरांनी विचारलं.

“बेस हाय की, मास्तर.” काम जाईल या भीतीनं मी खोटं बोललो.

आमच्यात रीत अशी, की एक कॉर्नेट थकला की दुसऱ्यानं उचलायचं, म्हणजे दोघांच्याही ओठांना उसंत. त्या दिवशी मिरवणुकीच्या अर्ध्या वाटेत माझा सूर फाटला. मी तोटी जोरानं दाबली, तसं रक्त आलं. मास्तरांनी एकवार पाहिलं आणि मला कॉर्नेट खाली घ्यायची खूण केली. मांडवापर्यंत तासभर ते एकटेच, न थांबता वाजवत राहिले. त्यांच्या वरच्या ओठात आत काहीतरी तुटलं. वरचे सूर पुन्हा कधीच लागले नाहीत.

मी त्यांचे पाय धरले. “मला काढून टाका, मास्तर.”

“मग वाजवनार कोन?” ते म्हणाले. मग म्हणाले, “ओटाचं खरं सांगावं, बाबा. त्यात लाज न्हाय.”

त्यांनी आपला कॉर्नेट मला दिला आणि स्वतः मोठा ढोल गळ्यात घेतला. पुढची नऊ वर्षं ते माझ्या मागून चालले. माझा सूर बारीक झाला, की ते ढोलावर शेवटचे ठोके देऊन चाललेली गत, म्हणजे धून, मध्येच आटपायचे. लोकांना वाटे, गत तेवढीच होती. माझा जीव मात्र दर वेळी शरमेनं अर्धा होई.

ते गेले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात नव्या गड्यानं ढोल बडवायला घेतला. माझा ओठ थकला, तरी मी सवयीनं त्या ठोक्यांची वाट पाहत फुंकत राहिलो. ढोल थांबेना. तेव्हा मी भर रस्त्यात कॉर्नेट खाली घेतला आणि वऱ्हाडासमोर मोठ्यानं म्हणालो, “थांबा. माझा ओठ थकलाय.”