वलगाव रस्त्यावरची नाडी

सेकंदभाऊ मनगटी घड्याळ उलटं बांधत, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. कुणी वेळ विचारली की दान मागितल्यासारखा तळहात पुढे करत आणि सांगत, "सव्वाअकरा झाले, अन् वर वीस सेकंद." हे वरचे सेकंद त्यांना कुणी विचारलेले नसत. त्यांचं खरं नाव आमच्या ऑफिसात फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

मी अकोल्याचा. नोकरीला अमरावतीत लागलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. भाऊ मूळचे भातकुलीचे, घरातले पहिले मॅट्रिक. त्यांच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेले कॅनव्हासचे बूट. रोज उजाडता-उजाडता ते बूट वलगावच्या रस्त्याला लागत. जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांचे सामने दरसाल होत आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकदा आमचे भाऊ पहिले, तर एकदा अकोल्याच्या कचेरीतले जमादार. दोघं वर्षभर एकमेकांच्या नावानं बोटं मोडत आणि भेटले की एकाच पानाचे दोन तुकडे करून खात.

एका वैशाखात भाऊ भावाच्या वावरात गेले. उन्हानं काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. शेळी सुटली म्हणून भाऊ तिच्यामागे धावले आणि पाय भेगेत गेला. घोटाच मोडला. "अन् त्या शेळीनं मांगं वळून पाह्यलंबी नाही," हे मात्र ते हाड मोडल्यापेक्षा जास्त दुःखानं सांगत.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून तुरीच्या वाळक्या काडीसारखा पाय बाहेर आला. "पाय हाये का तुराटी?" भाऊंच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. भाऊ हसले, पण त्या दिवशी त्यांनी कुणालाच सेकंद सांगितले नाहीत.

मग त्यांनी स्वतःच एक रीत काढली. थोडं धावायचं, पुलाच्या कठड्यावर बसायचं आणि घड्याळाकडे बघत आपलीच नाडी धरायची. ती किती लवकर शांत होते, त्यावरून उद्या किती धावायचं ते ठरे. मी म्हटलं, "भाऊ, दमलात की नाही हे पायाला कळत नाही का?"

"पाय लबाड हाये," ते म्हणाले. "त्याले वाटते आपुन कालचेच आहो. नाडी खरं सांगते."

रोज कठड्यावर नाडी धरून बसणारा माणूस म्हणजे वैद्यच, असं वलगावकडून बाजाराला येणाऱ्या बायाबापड्यांनी ठरवून टाकलं. एका म्हातारीनं डोक्यावरची टोपली उतरवून सरळ हात पुढे केला.

"माय, मी वैद्य नाही."

"वैद्य नाही त सोताचा हात धरून काहून बसला?"

भाऊंनी निमूट तिची नाडी पाहिली आणि म्हणाले, "माह्यापेक्षा तुमचीच चांगली हाये." म्हातारी खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आली.

घरी एकदा वहिनी विहिरीवरून दोन भरल्या घागरी घेऊन आल्या आणि टेकल्या. भाऊंनी सहज त्यांचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघताबघता त्यांचा चेहरा बदलला. "शर्यतीले तुलेच न्या लागते."

"मी रोजच धावतो," वहिनी म्हणाल्या. "तुमी कधी मांगं वळून पाह्यता?"

त्यानंतर सकाळची एक घागर भाऊ आणू लागले. व्यायाम होतो, असं आम्हाला सांगत.

त्या वर्षीचे सामने अकोल्याला होते. भाऊ चौथे आले. आम्ही सांत्वनाला धावलो, तर हे गवतावर बसून मनगट धरलेले, आणि एकदम ओरडले, "आली! जुन्या जागी आली नाडी!" चौथा आलेला माणूस इतका आनंदलेला मी पुन्हा पाहिला नाही.

पहिले आलेले जमादार धापा टाकत जवळ आले आणि थट्टेनं म्हणाले, "माहीबी पाह्य ना, वैद्यराज."

भाऊंनी हात धरला. हसू हळूहळू मावळलं. घड्याळाकडे बघत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"जमादार, तुमची नाडी मधातच ठेका चुकून राह्यली."

"अरे, हरला म्हून भेव दाखवतं का?"

"हरलो ना, कबूल. आता दवाखान्यात चाला."

जमादार ऐकेनात. तेव्हा भाऊंनी ते मनगट सोडलंच नाही. बक्षीस समारंभ टाकून त्यांना तसंच ओढत नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "तुम्ही आज धावलात?" हृदयाची झडप खराब होती. धावणं बंद झालं, औषधं सुरू झाली. पण माणूस राहिला.

पुढच्या वर्षी भाऊ पहिले आले. थेट जमादारांच्या घरी गेले आणि चहा पिताना कुरकुरले, "तुमच्याबिगर पहिलं येनं म्हंजे रिकाम्या घरी जेवाले जानं." त्यानंतर ते शर्यतीत उतरले नाहीत. वलगावचा रस्ता मात्र सोडला नाही.

काही वर्षांनी त्यांची बदली बुलढाण्याला झाली. मीही घरी निघालो होतो, त्यामुळे अकोल्यापर्यंत एकाच एसटीत होतो. स्टँडवर जमादार झुणका-भाकरीची शिदोरी घेऊन उभे. माझी पिशवी उतरेपर्यंत दोघं खिडकीतून एकमेकांशी भांडत होते. गाडी सुटली. जमादार खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागले. मग गाडीनं वेग घेतला.

खिडकीतून भाऊ ओरडले, "जमादार, धावू नका! डॉक्टरनं काय सांगतलं?"

"धावून नाही राह्यलो!" जमादार म्हणाले, "चालून राह्यलो!"

आणि स्टँडच्या फाटकापर्यंत ते धावतच गेले.