वायर ओढणारे आप्पा

चालू कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून खसकन उपटून खुशाल हसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे आप्पा. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. कपाळावर विभूती, कानावर खोचलेला स्क्रू ड्रायव्हर, आणि भंगाराचं नाव काढलं की चढणारा पारा.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधली यंत्रं इतकी जुनी झाली होती, की बाजारातलं नवं काहीच त्यांच्यावर चालेना. संस्थेचे सचिव म्हणाले, "शाळा उघडायच्या आत देऊन टाका भंगारात. खोलीत बाकडी ठेवू." नवी यंत्रं येणार नव्हतीच, लॅब गेली की गेलीच. मी रडकुंडीला येऊन आप्पांकडे गेले.

"रडून काय करून राहिल्या बाई? माणूस म्हातारं झालं म्हणून भंगारात देता का? हलकं जेवण द्यायचं!"

हलकं जेवण म्हणजे एक हलकं, फुकट मिळणारं लिनक्स, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. परदेशातली हौशी मंडळी ते तयार करत आणि नवी आवृत्ती पक्की करण्याआधी चाचणीला सोडत. आप्पा ती दुकानातल्या सगळ्यात मरतुकड्या यंत्रावर चढवत. धडधाकट यंत्रावर काहीही पळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची परीक्षा ठरलेली होती. मराठीत एक ओळ टाइप करायची, 'आमच्या गावात लाईट न विचारता जाते.' ती सेव्ह करायची आणि वायर ओढायची. पुन्हा सुरू केल्यावर ओळ जागेवर दिसली, तर पास. त्या उन्हाळ्यातली आवृत्ती सपशेल नापास झाली. वायर ओढली की नंतर नुसता काळा पडदा. आधीच्या आवृत्तीत मराठी टायपिंग धड होत नव्हतं, त्यामुळे आमची सगळी भिस्त हिच्यावरच होती.

आप्पांचं इंग्रजी बेताचं. ते सांगत, मी त्या परदेशी मंडळींना लिहून पाठवी. तिकडून उत्तर आलं, यंत्र फार जुनं आहे, आणि असं अचानक बंद करू नये. आप्पा उखडले. "ल्ह्या त्येंला! बंद आम्ही न्हाई करत, लाईट करती. तिला सांगायची हिंमत असंल तर सांगा म्हणावं!"

मी लिहिलं, 'आपल्या उत्तराबद्दल आभारी आहोत, तथापि...' आप्पांनी मला मराठीत अर्थ सांगायला लावला.

"बाई, राग माझा हाय. तुम्ही कामून पुसला?"

मी पुन्हा लिहिलं, पण हिमतीचं वाक्य गुपचूप गाळलं. आप्पांना सांगितलं नाही. ते मात्र हटले नाहीत. दर सुधारणेनंतर वायर ओढत आणि काळ्या पडद्याचा फोटो तिकडे पाठवायला लावत. शेवटी कंटाळून म्हणा, पटून म्हणा, त्या लोकांनी दोष दुरुस्त केला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सचिव भंगारवाल्याला घेऊनच लॅबमध्ये आले. आप्पांनी ओळ टाइप केली, सेव्ह केली आणि बाजूला झाले. "सायेब, वायर तुम्हीच वढा."

सचिवांनी ओढली. आप्पांनी परत लावली. म्हाताऱ्या यंत्रानं सावकाश डोळे उघडले. ओळ आली. आप्पा भंगारवाल्याला म्हणाले, "जावा तुम्ही. हितं भंगार न्हाई."

पुढे काही वर्षांनी आप्पा वारले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. तिथून जाताना मी अजून मान वळवते. लॅब चालू आहे.

परवा पुन्हा नवी आवृत्ती चाचणीला आली. मी ती लॅबमधल्या सगळ्यात थकलेल्या यंत्रावर चढवली, ओळ टाइप केली, वायर ओढली. काळा पडदा. तिकडे कळवलं, तर उत्तर तेच, असं अचानक बंद करू नये. मी लिहायला बसले. सवयीनं 'आभारी आहोत' लिहून गेले, ते खोडलं. मग आप्पांचं बोलणं शब्दन् शब्द इंग्रजीत उतरवलं, तेव्हा गाळलेल्या वाक्यासकट, आणि पाठवून दिलं.